तेच फंक्शन, की दुसरंच?

अगं, मेसेज वाचला तुझा. फंक्शन बदलायचंय, सगळे म्हणतात दहा मिनिटांचं काम आहे, आणि तुझ्या मात्र पोटात गोळा आलाय. गोळा आला ते उत्तम झालं. डेटाबेसला हात लावताना ज्यांच्या पोटात काहीच होत नाही, अशांच्या शेजारच्या खुर्चीत मी बरीच वर्षं काढली आहेत. तेव्हा घाबरल्याबद्दल आधी स्वतःला शाबासकी दे आणि मग ऐक. टीमच्या कॉलवर मी हे असं बोलले नसते. तिथे सगळ्यांनाच सगळं आधीपासून येत असतं.

तुझं प्रकरण मला कळलं ते असं. घाऊक व्यापाऱ्यांचं बिलिंग, मागे पोस्टग्रेस. त्यात जीएसटी काढणारं एक फंक्शन. मालाचा गट आणि रक्कम दिली की ते कराची रक्कम परत देतं. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, त्या धावपळीत कुणीतरी ते लिहिलं आणि दर सरळ त्याच्या पोटात कोंबले: ५, १२, १८, २८. मग २२ सप्टेंबर २०२५ला दर बदलले. तूप-लोणी १२वरून ५वर आलं, शांपू-टूथपेस्ट १८वरून ५वर, एसी २८वरून १८वर. त्या रात्री कुणीतरी आतले आकडे बदलले आणि झोपायला गेलं. आता ऑगस्टमधलं एसीचं बिल पुन्हा छापलं की त्यावर १८ टक्के उमटतात आणि व्यापाऱ्याचा सीए फोन करतो. म्हणून तुला सांगितलंय, फंक्शनला बिलाची तारीख देता येईल असं कर.

(खरं तर लागलेला कर बिलाच्या ओळीतच साठवून ठेवायचा असतो, छापताना पुन्हा काढायचा नसतो. पण नवीन नोकरीत लगेच ही लढाई अंगावर घेऊ नकोस. वहीत लिहून ठेव, तिची वेळ येईल.)

आता मुख्य गोष्ट. कीबोर्डला हात लावायच्या आधी स्वतःला एकच विचार: मी तेच फंक्शन बदलतेय, की दुसरंच जन्माला घालतेय? बाकी सगळं यावरून ठरतं, आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही.

पोस्टग्रेसच्या लेखी फंक्शनची ओळख नुसत्या नावावर नसते. स्कीमा, नाव, आणि आत घेतलेल्या आर्ग्युमेंटचे प्रकार, असं तिन्ही मिळून ती ठरते. आपल्या वर्गात दोन स्नेहल होत्या तेव्हा बाई मधलं नाव लावून हजेरी घ्यायच्या, तसं समज. टेक्स्ट आणि न्यूमेरिक घेणारी एक, आणि टेक्स्ट, न्यूमेरिक आणि डेट घेणारी दुसरी. दोघी एकाच स्कीमात सुखाने नांदतात, एकमेकींची त्यांना खबरही नसते.

म्हणजे काय झालं बघ. तू फाइल उघडलीस, कंसात तिसरं आर्ग्युमेंट वाढवलंस, वर ‘क्रिएट ऑर रिप्लेस फंक्शन’ आहेच, चालवलंस. पोस्टग्रेस म्हणाला, ‘क्रिएट फंक्शन’. एरर नाही, काही नाही. तुला वाटलं, बदललं. पण बदललं नाहीच. जुनं जागच्या जागी आहे, शेजारी एक नवं आलंय. यातली खरी गंमत अशी, की बदल झाला तरी तो ‘क्रिएट फंक्शन’ एवढंच म्हणतो, आणि नवं जन्मलं तरी तेवढंच. ‘ऑर’च्या अलीकडचं घडलं की पलीकडचं, हे तो कधीच सांगत नाही. ते तू बघायचं. पीएसक्यूएलमध्ये उलटी तिरकी रेघ, त्याला जोडून डीएफ आणि पुढे फंक्शनचं नाव. एक ओळ आली तर एक आहे, दोन आल्या तर दोन. बदलाच्या आधी बघायचं आणि नंतरही बघायचं. ही सवय लागू दे, बाकीचं मागाहून आलं तरी चालेल.

पुढे दोन वाटा फुटतात. तिसऱ्या आर्ग्युमेंटला डीफॉल्ट दिलंस, म्हणजे तारीख नाही दिली तर आजची धर असं लिहिलंस, तर दोनच गोष्टी पाठवणाऱ्या प्रत्येक जुन्या कॉलला दोन्ही फंक्शनं लागू पडतात. पोस्टग्रेस कुणाचीच बाजू घेत नाही. ‘फंक्शन इज नॉट युनिक’ असं म्हणून हात वर करतो आणि बिलिंग ठप्प होतं. डीफॉल्ट नाही दिलंस तर काहीच ठप्प होत नाही. जुने कॉल निमूटपणे जुन्याच फंक्शनकडे जात राहतात. तू लिहिलेलं नवं शहाणपण तिथे नुसतं पडून असतं, त्याला कुणी हाकच मारत नाही. तू डेमो देतेस तो तीन आर्ग्युमेंट देऊन, म्हणून तुझ्या स्क्रीनवर बरोबर येतं. व्यापाऱ्याच्या स्क्रीनवर जुनंच.

मला विचारशील तर पहिली वाट परवडली. आरडाओरडा होतो, पण निदान कळतं तरी.

हाच खेळ प्रकार बदलतानाही होतो. इंटिजरच्या जागी बिगइंट केलंस की ओळख बदलली, नवं फंक्शन. उलट न्यूमेरिकच्या कंसातले आकडे, म्हणजे दहा-दोनचं बारा-दोन केलंस, तर काहीच होत नाही. आर्ग्युमेंटच्या बाबतीत ते कंसातले आकडे पोस्टग्रेस टाकूनच देतो. पुष्कळ लोक ते भक्तिभावाने लिहितात आणि त्यावर विसंबतात. तू नको विसंबूस.

बरं, तुझ्या जागी मी काय केलं असतं? दरांसाठी एक टेबल केलं असतं: गट, दर, कधीपासून लागू. पुढच्या वेळी जीएसटी कौन्सिलने दर हलवले की एक ओळ वाढवायची, फंक्शनला हात लावायचाच नाही. मग तीन आर्ग्युमेंटचं नवं फंक्शन त्या टेबलातून दर उचलेल, तारीख डीफॉल्टशिवाय, सक्तीची. आणि जुनं दोन आर्ग्युमेंटचं लगेच काढायचं नाही. त्याचंच पोट बदलून ते आजची तारीख घालून नव्याला बोलावेल असं करायचं. हे मात्र खरंखुरं रिप्लेस, कारण त्याची ओळख तीच राहते. नव्या बिलांचे सगळे कॉल असे आपोआप मार्गी लागतात. राहतात ते जुन्या बिलांशी संबंध असलेले कॉल: पुन्हा छपाई, मागचे रिपोर्ट, आणि क्रेडिट नोट. ऑगस्टात विकलेला एसी नोव्हेंबरात परत आला तर त्याची क्रेडिट नोट ऑगस्टच्या दरानेच निघते. हे कॉल हुडकून तीन आर्ग्युमेंटवर न्यायचे. काम कंटाळवाणं आहे, पण खरं काम तेच आहे.

इथे एक बारीक काटा आहे. जुन्या फंक्शनवर ‘इम्म्युटेबल’ लिहिलेलं असणार. आकडे पोटातच होते, म्हणजे तीच रक्कम दिली की तेच उत्तर, तेव्हा ते खरं होतं. आता ते टेबल वाचतं आणि आजची तारीख बघतं, म्हणजे ते ‘स्टेबल’ झालं. जुनीच ओळ कॉपी करून इम्म्युटेबल ठेवलंस तर पोस्टग्रेस अडवणार नाही, तुझ्या शब्दावर विश्वास ठेवेल, आणि कधीतरी एकदा काढलेलं उत्तर पुन्हा न विचारता वापरून मोकळा होईल. आणि काहीच लिहिलं नाहीस तर? मग ते ‘व्होलटाइल’ धरलं जातं. उत्तरं बरोबर येतात, पण जिथे इंडेक्स लागायचा तिथे लागत नाही, आणि काल झटकन येणारा रिपोर्ट आज का रखडतोय याचा शोध चार जण घेत बसतात.

यावरून आठवलं. क्रिएट ऑर रिप्लेस करताना काय टिकतं आणि काय जातं, हे डोक्यात पक्कं बसव. मालक टिकतो. कुणाला चालवायची परवानगी आहे ते टिकतं. त्यावर बांधलेले व्ह्यू, ट्रिगर, इंडेक्स जागेवर राहतात. बाकी सगळं तू या वेळी जे लिहिलंस तेच, आणि नाही लिहिलंस ते डीफॉल्टवर. म्हणजे आधीच्या माणसाने ‘सिक्युरिटी डीफायनर’ लिहिलं होतं आणि तू विसरलीस, तर फंक्शन आता मालकाच्या अधिकाराने न चालता बोलावणाऱ्याच्या अधिकाराने चालेल. याचा निदान गाजावाजा होतो, ‘परमिशन डिनाइड’ येतं. पण त्याच्याच शेजारी ‘सेट सर्चपाथ’ची ओळ होती ती गळली तर कुणालाच काही कळत नाही. सगळं पूर्वीसारखंच चालतं, फक्त भिंतीला एक भोक पडलेलं असतं. दुसऱ्या कुणाला मधल्या स्कीमात त्याच नावाचं काहीतरी ठेवता आलं, तर तुझं फंक्शन मालकाचे अधिकार घेऊन ते चालवेल. २०१८मध्ये पोस्टग्रेसवाल्यांनी याच जातीच्या धोक्याबद्दल रीतसर सुरक्षासूचना काढली होती. तेव्हा ती ओळ म्हणजे शोभेची नाही हो.

म्हणून सुरुवात कधीच कोऱ्या फाइलपासून करायची नाही, आणि गिटमधल्या फाइलपासूनही नाही. गिटमध्ये काय आहे ते गिटला ठाऊक. कधीतरी रात्री कुणीतरी थेट प्रॉडक्शनवर दुरुस्ती केलेली असते आणि ती गिटपर्यंत पोचलेली नसते. तुझ्या सप्टेंबरच्या रात्रीची गोष्टही तशीच निघाली तर मला नवल वाटणार नाही. पोस्टग्रेसलाच विचार. ‘पीजी गेट फंक्शनडेफ’ नावाचं फंक्शन आहे, किंवा पीएसक्यूएलमध्ये उलटी तिरकी रेघ आणि एसएफ. अख्खं क्रिएट ऑर रिप्लेस, सगळ्या गुणधर्मांसकट, छापून देतो. ते फाइलमध्ये घे, गिटमधल्याशी ताडून बघ, फरक दिसला तर आधी त्याबद्दल बोल. आणि तीच फाइल तुझी माघारीची वाट. काही बिनसलं तर ती परत चालवायची. परवानग्या मात्र त्यात येत नाहीत, त्या वेगळ्या लिहून घे.

आणि फंक्शनचं पोट सोडून बाकी काही बदलायचं असेल, जसं की नाव, मालक, स्कीमा, स्टेबल-इम्म्युटेबल, ती सर्चपाथची ओळ, तर त्यासाठी ‘आल्टर फंक्शन’ आहे. जेवढं सांगशील तेवढंच बदलतं. पोट मात्र आल्टरने बदलत नाही.

आता ड्रॉपचं. तुला लवकरच कुणीतरी सांगणार, ‘अगं, ड्रॉप करून टाक आणि नवं बनव, कटकट संपली.’ हा सल्ला बहुतेक वेळा येतो तो रिप्लेस अडल्यावर. अडतं तीन ठिकाणी. परत येणाऱ्या गोष्टीचा प्रकार बदलायचा असेल तर. आर्ग्युमेंटचं नाव बदलायचं असेल तर, कारण कुणीतरी नाव घेऊन कॉल करत असेल हे पोस्टग्रेस गृहीत धरतो, आणि बरोबरच धरतो. आणि असलेलं डीफॉल्ट काढून घ्यायचं असेल तर. तिन्ही वेळा तो नाही म्हणतो आणि खाली इशारा देतो: आधी ड्रॉप फंक्शन वापरा. तू ड्रॉप केलंस की म्हणतो, यावर अमुक व्ह्यू अवलंबून आहे, आणि पुन्हा खाली इशारा: कॅस्केड वापरा. अगं, तो इशारा आहे, सल्ला नाही. त्याला तुझं बिलिंग माहीत नाही. कॅस्केड म्हटलंस की व्ह्यू गेला, त्या व्ह्यूवरचा व्ह्यू गेला, ट्रिगर गेला, इंडेक्स गेला. नोटीस देतो तो, हे गेलं ते गेलं म्हणून, पण डेप्लॉयच्या लॉगमधल्या नोटिसा वाचतंय कोण!

आणि जे तो मोजत नाही ते वेगळंच. पीएल-पीजीएसक्यूएलमध्ये लिहिलेल्या फंक्शनचं पोट पोस्टग्रेसच्या लेखी नुसता मजकूर असतो. त्या मजकुरात तुझ्या जीएसटी फंक्शनला दहा ठिकाणी बोलावलं असेल, पण त्याची नोंद अवलंबित्वात नसते. ड्रॉप बिनबोभाट होतं, आणि त्या दहांपैकी एखादं जेव्हा प्रत्यक्ष चालतं, तेव्हा तिथे ‘डझ नॉट एक्झिस्ट’ येतं. वर्षअखेरीचा रिपोर्ट असेल तर मार्चमध्ये. १४व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१पासून, साध्या एसक्यूएल फंक्शनचं पोट ‘बिगिन अॅटॉमिक’ लिहून देता येतं. तसं दिलं तर ते बनवतानाच तपासलं जातं आणि अवलंबित्वही नोंदलं जातं. पण जुन्या कोडमध्ये हे कुठून असणार? तिथे ‘पीजी प्रॉक’ या कॅटलॉगात प्रोएसआरसी नावाचा कॉलम आहे, त्यात सगळ्या फंक्शनांचा मजकूर असतो. त्यात नाव शोधायचं. शिवाय अॅप्लिकेशनच्या कोडमध्ये, आणि कुणाच्या तरी एक्सेलच्या मागे लपलेल्या क्वेरीतसुद्धा.

ड्रॉपची सगळ्यात वाईट खोड अजून सांगितलीच नाही. ड्रॉप करून त्याच नावाचं, त्याच आर्ग्युमेंटचं बनवलंस, तरी पोस्टग्रेससाठी ते नवंच असतं. जुन्या परवानग्या जुन्याबरोबर गेल्या. आणि नव्या फंक्शनला मूळ नियम असा, की ते चालवायची मुभा सगळ्यांना. समज, पगार काढणारं एक फंक्शन आहे, सिक्युरिटी डीफायनर. कुणीतरी विचार करून ते ‘पब्लिक’कडून काढून घेतलंय आणि फक्त एचआरच्या रोलला दिलंय. तू कंटाळून ड्रॉप-क्रिएट केलंस. त्या क्षणापासून त्या स्कीमात पाय ठेवू शकणाऱ्या कुणालाही कुणाचाही पगार बघता येतो. एचआरला तर काही फरकच जाणवत नाही, त्यांचं चालूच आहे. मग तक्रार कोण करणार? ज्याला फायदा झालाय तो?

म्हणून कुणी ड्रॉप कर म्हणालं तर भांडू नकोस, अक्कलही काढू नकोस. शांतपणे विचार, ‘यावर ग्रँट कुणाकुणाला आहेत, मी आधी काढून ठेवू का?’ समोरचा दोन सेकंद थांबतो. पुष्कळदा तेवढं पुरतं. मोठ्या आवाजाच्या माणसाला थांबवायचा याहून सभ्य मार्ग मला तरी सापडलेला नाही.

तुझ्या टीमला पुढे सीजीएसटी आणि एसजीएसटी वेगवेगळे हवे असतील, दोन कॉलम परत हवे असतील, तर तिथे परत येणाऱ्याचा प्रकार बदलतो. तेव्हा ड्रॉपच्या नादी न लागता सरळ नव्या नावाचं फंक्शन काढ. नावं फुकट मिळतात.

ड्रॉप टाळताच येत नसेल तर मात्र एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये कर: बिगिन, ड्रॉप, क्रिएट, रिव्होक, ग्रँट, व्ह्यू परत, कमिट. पोस्टग्रेसचं हे मोठं सुख आहे. कमिट होईपर्यंत बाहेरच्यांना जुनंच दिसतं, आणि मध्ये काही फसलं तर रोलबॅक, जणू काही झालंच नाही. ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये हे सुख नाही, तिथे असली कमांड आपली आपण कमिट होऊन बसते. मायएसक्यूएलमध्ये तर फंक्शनला ‘ऑर रिप्लेस’च नाही. आल्टर आहे, पण त्याने पोट बदलत नाही, ड्रॉप आणि क्रिएटच करावं लागतं आणि मधल्या फटीत आलेला कॉल तोंडावर आपटतो. मारियाडीबीने ही सोय दिलीय. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘क्रिएट ऑर आल्टर’ आहे, २०१६च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून. दुसरीकडे गेलीस तर तिथला कायदा आधी वाच, पोस्टग्रेसची सवय घेऊन जाऊ नकोस.

आता इंडेक्सबद्दल बोलते. हे जरा मन लावून ऐक, कारण इथे भलेभले फसतात आणि टेस्टिंगमध्ये ते सापडत नाही.

तुमच्याकडे ग्राहकाचं नाव शोधण्यासाठी एखादं फंक्शन असेलच. नावातल्या जास्तीच्या मोकळ्या जागा काढतं, एकसारखं करून देतं. त्या फंक्शनवर इंडेक्स बांधलेला असतो, म्हणजे प्रत्येक ओळीसाठी फंक्शनचं उत्तर काढून ते इंडेक्समध्ये साठवलेलं असतं. आता मराठी नावं बघ. ‘गोऱ्हे’मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि मागे झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक अदृश्य चिन्ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब एक, आत बाइट वेगळे. एका दुकानातून एक आलं, दुसऱ्यातून दुसरं, आणि शोधणारा म्हणतो, गोऱ्हे समोर दिसतायत पण सापडत नाहीत.

तुला काम मिळतं: फंक्शन सुधार, दोन्ही रूपं एकच कर. तू करतेस. रिप्लेस, ओळख तीच, परवानग्या तशाच, सगळं माझ्या शिकवणीप्रमाणे. टेस्टवर बघतेस, दोन्ही गोऱ्हे सापडतात. प्रॉडक्शनवर जातं, आणि जुने जॉइनरवाले गोऱ्हे अजूनही सापडत नाहीत. आज नवा भरलेला गोऱ्हे मात्र सापडतो! असं का? कारण फंक्शन बदललं म्हणून पोस्टग्रेस इंडेक्स पुन्हा बांधत नाही. तू इम्म्युटेबल म्हणाली होतीस, म्हणजे उत्तर कधीच बदलणार नाही, मग त्याने कशाला बांधावं? इंडेक्समध्ये जुन्या ओळींची जुनी उत्तरं आहेत, शोधताना नवं उत्तर वापरलं जातंय, गाठ पडत नाही. आणि टेस्टवर सापडलं, कारण तिथे ओळी असतात शे-दोनशे. एवढ्याशासाठी पोस्टग्रेस बहुधा इंडेक्सच्या वाटेला जातच नाही, अख्खं टेबल वाचतो आणि प्रत्येक ओळीवर नवं फंक्शन चालवतो.

उपाय आहे, रीइंडेक्स. १२व्या आवृत्तीपासून ते ‘कन्करंटली’ करता येतं, टेबलावरचं लिहिणं न अडवता. पण रिप्लेस आणि रीइंडेक्स यांच्या मधल्या वेळात शोध चुकीचाच राहतो. म्हणून इंडेक्स, साठवलेला जनरेटेड कॉलम किंवा चेक कन्स्ट्रेंट ज्याच्यावर उभं आहे, असं फंक्शन मी बदलतच नाही. नव्या नावाचं करते, त्यावर नवा इंडेक्स बांधते, क्वेरी तिकडे वळवते, मग जुनं काढते. लांबचा रस्ता आहे, पण मधे अंधार नाही.

चेक कन्स्ट्रेंटचं थोडक्यात. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. तो तपासणारं फंक्शन कन्स्ट्रेंटमध्ये असेल आणि तू नियम कडक केलास, तर आधीच्या ओळी कुणी पुन्हा तपासत नाही. त्या तशाच राहतात, आणि एक दिवस बॅकअप दुसरीकडे उतरवताना त्याच ओळी अडतात. बॅकअप नेमका कधी उतरवावा लागतो ते तुला माहीत आहे. तेव्हा आधी कन्स्ट्रेंट काढ, फंक्शन बदल, मग कन्स्ट्रेंट परत लाव. परत लावताना सगळ्या ओळी तपासल्या जातात, काय वाकडं आहे ते तिथेच दिसतं.

रिप्लेस करतेवेळी जुनं फंक्शन चालू असेल तर, असं तू विचारलं होतंस. काही होत नाही. चाललेला कॉल जुन्यावरच संपतो, पुढचा कॉल नव्यावर जातो. फक्त एकच मायग्रेशन दोन सर्व्हरवरून एकाच वेळी सुटलं तर ‘टपल कन्करंटली अपडेटेड’ असं काहीतरी विचित्र येतं. दचकू नकोस, दोघांनी एकाच फंक्शनला एकाच वेळी हात घातला एवढाच त्याचा अर्थ. मायग्रेशन एका वेळी एकाच ठिकाणाहून चालवा म्हणजे झालं.

आणि ते जुनं दोन आर्ग्युमेंटचं? ते डेप्लॉयच्या दिवशी काढायचं नाही, कुणी कितीही नीटनेटकेपणाचा आव आणला तरी. आधी कळू दे की त्याला अजून कोण बोलावतंय. त्यासाठी ‘ट्रॅक फंक्शन्स’ नावाचं सेटिंग आहे, मुळात बंद असतं, डीबीएला गोड बोलून चालू करून घे. मग ‘पीजी स्टॅट युजर फंक्शन्स’मध्ये प्रत्येक फंक्शनपुढे कॉलचा आकडा दिसतो. एक मात्र लक्षात ठेव, साधं एसक्यूएल फंक्शन क्वेरीतच विरघळवलं गेलं तर ते मोजलं जात नाही, म्हणून जुन्याचं पोट पीएल-पीजीएसक्यूएलमध्ये ठेव. तो आकडा आठवडाभर हलला नाही म्हणून हुरळू नकोस. तुमच्या व्यापाऱ्यांचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जातं, ३बी २० तारखेपर्यंत, आणि तिमाहीवाले त्याहून निवांत. सगळ्या फेऱ्या एकदा होऊन जाऊ देत. मग ड्रॉप कर, कॅस्केडशिवाय, आणि तो नाही म्हणाला तर ज्याचं नाव घेतोय ते आधी उघडून वाच.